पाकिटाच्या पाठीवर

भांडण हीटिंगवरून नव्हतंच.
शबानानं रात्री अकराला काहीतरी लिहिलं
आणि फिलोमिनानं उघडायच्या आत पुसलं.
मागे राहिली ती राखाडी, तिरकी ओळ :
हा मेसेज काढून टाकला आहे.
त्या एका ओळीत फिलोमिनानं आठवडाभर
काय काय वाचलं म्हणून सांगू.
मग दूध वेगळं झालं. मग फ्रीजमधला कप्पा.

डंडीत नोव्हेंबरला चार वाजताच अंधारतं,
टे नदीवरचा पूल अर्ध्यातच धुक्यात शिरतो
आणि चौघींच्या चार पाळ्या.
एका घरात राहून आम्ही भेटायचो
ते फोनमध्येच.

रविवारी कर्स्टीनंच बसवलं सगळ्यांना, टोस्ट करपवत.
म्हणाली, नक्की कशावरून भांडताय ते सांगा तरी.
सांगता येईना.
तू ते केलंस ना, ते, लिहून मग ते...
मी कुठं, तूच ते, खाली ते हसरं...
ते, ते, ते.
कर्स्टीनं केटल पुन्हा लावली.

शबाना मिरजेची. मामांचा ऊस.
बऱ्याच वेळानं म्हणाली, याला खोडवा म्हणू.
तोडला तरी बुडख्यातून येतो तो.
लावायला लागत नाही, आपसूक फुटतो.
फिलोमिना हसली,
आठ दिवसांत पहिल्यांदा.

गॅसच्या बिलाचं पाकीट उलटं केलं, पेन शोधलं.
टिंबं नाचतात, थांबतात, येत काहीच नाही : उकळी.
टोचून बोलायचं आणि वाक्य पडू नये म्हणून
खाली हसरा चेहरा लावायचा : टेकू.
मार्चमधल्या बोलण्याला ऑक्टोबरात उत्तर : शिळी कढी,
हे फिलोमिनाचं, वसईहून, आईच्या तोंडचं.
आणि पानभर लिहिलेल्याला
नुसता अंगठा दाखवून झोपणारी मी.
मला काय म्हणायचं
ते दोघींना एकदमच सुचलं.
अंगठाछाप. एम.एस्सी. नर्सिंग, राहणार बार्शी.

कर्स्टीला ड जमत नाही.
सॉरी, खोदवा, असं ती लिहिते, चूक पुसल्यावर.
आता आम्हीही खोदवाच म्हणतो.

पहिले काही दिवस शब्द चावरे होते.
टेकू काढून बोल, मी शबानाला म्हणाले
आणि ती बोलली.
टेकूच बरा होता.

रात्रपाळीत एकच्या सुमाराला मी फोन बघते.
बार्शीत तेव्हा साडेसहा.
भाऊ छापखान्याचं शटर वर करायच्या आधी
त्याच्या नावाखाली टिंबं हलतात.
थांबतात.
तीन वर्षं झाली.
कुणाला सांगितलं नव्हतं,
सांगायचं तर सुरुवात कुठून करायची,
आईच्या बांगड्यांपासून
का मी विमानात बसले तिथून?
परवा पहाटे बस स्टॉपवर फिलोमिनाला म्हणाले,
भावाची रोज उकळी येते गं,
उतू जात नाही.
तिनं विचारलं नाही, कसली.
बावीस नंबरची बस येईपर्यंत
तिचा हातमोजा माझ्या हातावर होता.

पाकीट अजून फ्रीजवर आहे, चुंबकाखाली.
बिल केव्हाच भरून झालं.
खाली कुणीतरी नंतर दोन शब्द वाढवलेत,
एक मला लागत नाही,
वर चहाचा डाग.
पण यातलं काहीच बार्शीला चालत नाही,
तो त्या टेबलाशी नव्हता.
त्याला काल मी साधंच लिहिलं,
उठलास का.
खोडलं नाही.
टेकू लावला नाही.